मुलामा कशाचा, वजन कशाचे?
ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या सोन्याचांदीच्या लगडींविषयी

हैदराबाद शहरातील कोठी हा भाग आपल्या सीमावर्ती तालुक्यांतील लोकांस नवखा नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद या बाजूची मंडळी लग्नसराईत काचीगुडा स्थानकावर उतरून कोठीत व लगतच्या सुलतान बाजारात खरेदीस जातात. विवेक वर्धिनीसारखी १९०७ साली स्थापन झालेली मराठी संस्था याच परिसरात आहे आणि जुन्या गल्ल्यांतून आजही मराठी कानी पडते. आपल्याकडे कोठी म्हटले की धान्याची कोठी डोळ्यांपुढे येते. येथील कोठी मात्र ब्रिटिश रेसिडेंटचा वाडा होय. जेम्स कर्कपॅट्रिक हा रेसिडेंट असताना, १८०३ च्या सुमारास, तो बांधण्यास आरंभ झाला. आज त्या आवारात महिला विद्यापीठ आहे आणि वाड्याचे नाव सर्व वस्तीस चिकटून राहिले आहे.

या वाड्याच्या आश्रयाने वाढलेल्या बाजारात एके काळी दोन रुपये शेजारी शेजारी चालत असत. एक निजाम सरकारचा, त्यास ‘हाली’ म्हणत. दुसरा इंग्रज सरकारचा, तो ‘कलदार’. मराठवाड्यातील वडीलधाऱ्या माणसांस ‘हाली की कलदार?’ हा प्रश्न आठवत असेल. दोहोंचे नाव रुपयाच. परंतु सात हाली दिल्यावर सहा कलदार मिळत. हा भेद मानापमानाचा नव्हता. चारमिनारची छबी असलेल्या हाली रुपयाचे वजन ११.१७८ ग्रॅम आणि त्यातील चांदी हजारी ८१८ भाग. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम व त्यातील चांदी हजारी सुमारे ९१७ भाग. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हा गुणाकार अवश्य करून पाहावा. सात हालींतील निव्वळ चांदी सुमारे ६४ ग्रॅम भरते, आणि सहा कलदारांतीलही सुमारे ६४ ग्रॅमच भरते! वजन आणि कस या दोन गोष्टी एकत्र धरल्याखेरीज धातूची किंमत ठरत नाही, हे त्या बाजारातील हमालासही ठाऊक होते. आज त्याच कोठीत, आणि अर्थात आपल्या गावातही, हातातील मोबाइलवर जी लगडींची विक्री चालते तिच्यात वजन एका धातूचे आणि कस दुसऱ्या धातूचा सांगितला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

प्रथम घडलेली हकीकत सांगतो. आमचे मामा निवृत्तीनंतर कोठीतच राहतात. नातीच्या लग्नात तिला चांदीचे ताट द्यावे अशी त्यांची व मामींची इच्छा. सराफाकडे एकदम रक्कम भरणे जड वाटल्यामुळे त्यांनी मोबाइलवर शोध घेतला. तेथे सिंहाची मुद्रा असलेल्या, झगझगीत, प्लास्टिकच्या बंद वेष्टनातील लगडी दिसल्या. मथळा असा होता : ‘१ ट्रॉय औंस, १०० मिल्स, .९९९ फाइन सिल्व्हर क्लॅड बार’. किंमत चांदीच्या चालू भावाच्या एकतृतीयांशाहून थोडी कमी. मामांनी दहा लगडी मागविल्या. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, दहांचे ३११ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २७ तोळे. पार्सल वेळेवर आले. तराजूवर वजनही चोख भरले. मामा हिशेबी गृहस्थ. त्यांनी दहाही लगडी एकेक करून तोलल्या आणि समाधानाने कपाटात ठेवल्या. बंद वेष्टन मोडल्यास माल परत घेतला जाणार नाही, अशी सूचना असल्याने त्यांनी एकही उघडली नाही.

तीन आठवड्यांनी ताट घडविण्यासाठी त्या सुलतान बाजारातील एका कारागिराकडे गेल्या. त्याने रीतीप्रमाणे मुशीत घालण्यापूर्वी एका लगडीचा कोपरा छिन्नीने तोडला. आत लालभडक तांबे होते. दुसरीत तेच, तिसरीतही तेच. विक्रेत्याकडे विचारणा केली तेव्हा दोन ओळींचे उत्तर आले : परतीची मुदत संपली आहे, आणि वर्णनात ‘क्लॅड’ हा शब्द स्पष्ट लिहिला होता.

उत्तर मोठे मासलेवाईक आहे. ‘क्लॅड’ म्हणजे वरून मढविलेला, हे इंग्रजी जाणणाऱ्यासही चटकन सुचत नाही. मामा तर उर्दू माध्यमातून शिकलेले. तथापि केवळ त्या एका शब्दाच्या अज्ञानामुळे ते फसले असे म्हणता येणार नाही. वाचणाऱ्याचा समज चुकीचाच व्हावा अशी त्या मथळ्याची सर्व मांडणी होती.

ती मांडणी नीट पाहू. ‘१ ट्रॉय औंस’ हे वजन आहे. कशाचे? संपूर्ण लगडीचे, म्हणजे तांब्याचे. ‘.९९९ फाइन’ हा कस आहे. कशाचा? वरच्या मुलाम्याचा. दोन्ही विधाने सुटी घेतली तर खोटी नाहीत. मात्र ती एका ओळीत शेजारी ठेवली की वाचणारा ‘३१.१ ग्रॅम शुद्ध चांदी’ असे आपोआप वाचतो. सोन्याच्या लगडींच्या जाहिरातींतही हीच युक्ती असते. तेथे ‘२४ कॅरट’ हे शब्द जोडीला येतात. चोवीस कॅरटचा मुलामा चोवीस कॅरटचाच असतो, परंतु त्याखालचे पितळ त्यामुळे सोने होत नाही.

‘१०० मिल्स’ या शब्दांची मौज तर वेगळीच आहे. हे शब्द वाचून काही तरी भरघोस परिमाण असावे असा भास होतो. वस्तुतः ‘मिल’ हे इंचाच्या हजाराव्या भागाचे माप आहे, म्हणजे २५.४ मायक्रॉन. शंभर मिल म्हणजे २.५४ मिलिमीटर. मामांची लगड फूटपट्टीने मोजली तेव्हा ती ५० मिलिमीटर लांब, २८ मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर जाड भरली. म्हणजे मुलाम्याचा एकच थर सबंध लगडीइतका जाड आणि तसे थर वरून व खालून दोन! मग मधले तांबे राहिले कोठे? या जाहिरातींत ‘मिल्स’ या शब्दास कोणताही मापाचा अर्थ नसतो. तो केवळ कानास भारदस्त लागावा म्हणून घातलेला असतो.

आता प्रत्यक्षात चांदी किती असेल ते काढू. लगडीच्या सर्व बाजूंचे क्षेत्रफळ मिळून सुमारे ३२ चौरस सेंटिमीटर होते. शोभेच्या वस्तूंवरील मुलामा एक मायक्रॉनचाही असेल असे नाही. तरी उदार होऊन एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, धरू. चांदीचे आकारमान ०.००३२ घन सेंटिमीटर आणि घनता १०.५ म्हणून वजन ०.०३४ ग्रॅम. दहा लगडी मिळून ग्रॅमचा तिसरा हिस्सा. मामांनी २७ तोळे चांदी म्हणून जे घेतले त्यात हजारी एक भाग चांदी होती. सोन्याचा मुलामा तर याहूनही पातळ देतात. मायक्रॉनचा दहावा भाग धरला तर एवढ्याच लगडीवर अवघे सहा मिलिग्रॅम सोने बसते.

मुलामा देणे ही काही वाईट विद्या नाही. देवघरातील प्रभावळीस मुलामा असतो, नाटकातील मुकुटास असतो. बेंटेक्सच्या बांगड्या घालणारी स्त्री त्या सोन्याच्या समजून विकत घेत नाही. हैदराबादेत आणि आपल्याकडेही ‘एक ग्रॅम सोन्याचे दागिने’ म्हणून जो माल मिळतो, त्यास हे नाव असले तरी तो मुलाम्याचाच असतो हे दुकानात विचारल्यास सहसा सांगितले जाते. किंमतही तशीच असते. लगडीची गोष्ट निराळी. लगड कोणी अंगावर घालीत नाही, देव्हाऱ्यात मांडायची म्हणूनही क्वचितच घेतात. लगड, वळे, बिस्कीट हे धातूचे संचयाचे रूप आहे. तिची सारी किंमत आतल्या ऐवजात असते. म्हणूनच मुलाम्याच्या तुकड्यास लगडीचा आकार, वजन, मुद्रा आणि क्रमांक देणे यातच दिशाभूल सुरू होते.

अशा जाहिरातींत आणखी काही खुणा आढळतात. मालाच्या तपशिलाच्या रकान्यात ‘सिल्व्हर’ हा शब्द ‘रंग’ या सदराखाली असतो आणि ‘मटेरियल’ या सदरात ‘अलॉय’ किंवा नुसते ‘मेटल’ लिहिलेले असते. म्हणजे सिल्व्हर हा येथे धातू नसून रंग झाला! जर्मन सिल्व्हर हेही त्याच कुळातले नाव. त्यात तांबे, निकेल व जस्त असते. चांदी औषधालाही नसते. वर ‘स्मृतिचिन्ह’, ‘प्रतिकृती’, ‘संग्राह्य’ असे अर्थ असलेले इंग्रजी शब्द वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरांत दडलेले असतात. सोबतच्या प्रमाणपत्रावर अनुक्रमांक असतो. मामांच्या दहाही लगडींवर तो एकच होता, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ग्राहकांचे अभिप्राय वाचून निश्चिंत व्हावे तर ‘पार्सल लवकर आले’, ‘चमक छान आहे’ एवढेच त्यांत असते. लगड तोडून पाहणारा अभिप्राय लिहावयास येईपर्यंत महिने लोटतात.

किंमत ही मात्र बोलकी खूण आहे. सोन्याचांदीचा भाव रोज जाहीर होतो. एक ट्रॉय औंस चांदी त्या भावाच्या एकतृतीयांशात कोणीही विकणार नाही. आणि तेवढ्याच वजनाच्या तांब्याच्या मानाने ती किंमत फार जास्त असते. सोन्याच्या नावाने विकणारा म्हणूनच किंमत मधोमध कोठे तरी ठेवतो : मोह पडण्याइतकी कमी, आणि संशय न येण्याइतकी अधिक.

घरी आलेली लगड तपासावी कशी? आपल्या परंपरेतील कसोटीचा दगड येथे बिनकामाचा ठरतो, कारण दगडावर उमटतो तो वरच्या थराचा कस. सराफाकडील किरणांच्या यंत्राचीही तीच मर्यादा आहे. तेही पृष्ठभागाजवळचाच थर वाचते. जुने कारागीर लगड तोडून पाहत, यामागे हाच अनुभव होता. तोडावयाचे नसेल तर आर्किमिडीजचा मार्ग आहे. चांदीची घनता १०.५, तांब्याची ८.९६, सोन्याची १९.३. एक ट्रॉय औंस चांदी जवळजवळ ३ मिलिलिटर पाणी सांडते, तांबे साडेतीन. एका लगडीत हा फरक हाती लागणे कठीण. परंतु दहा एकत्र बुडविल्या तर चांदीचे ३० मिलिलिटरच्या आत पाणी सांडेल आणि तांब्याचे सुमारे ३५. सोन्याच्या बाबतीत पाण्याचीही गरज नाही. वर दिलेल्या लांबीरुंदीची एक औंसाची खरी सोन्याची लगड जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या आतच जाड असते. तेवढ्याच वजनाची तांब्याची लगड तिच्या दुपटीहून जाड होते. फूटपट्टी पुरे. टंगस्टन या धातूची घनता सोन्याच्या अगदी जवळ असल्याने मोठ्या लगडीत तो भरून फसविता येते हे खरे. पण त्या थराची फसवणूक अशा स्वस्त जाहिरातींत होत नाही.

हॉलमार्क नव्हता का पाहिला, असे अनेकांनी मामांस विचारले. येथे एक समज दुरुस्त करणे अगत्याचे आहे. सोन्याच्या दागिन्यांस हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक असलेलेच दागिने विकता येतात. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपवर घालून पडताळता येतो. परंतु २०२० च्या मूळ आदेशात दागिने व कलावस्तू यांचीच गणना आहे. लगड, पत्रा, तार, नाणे अशा रूपातील सोने त्या व्याख्येतून वगळले होते. चांदीसाठी एचयूआयडीची पद्धत १ सप्टेंबर २०२५ पासून आली, तीही ऐच्छिक म्हणून. म्हणजे जेथे पारख सर्वांत कठीण, तेथेच खुणेची सक्ती नव्हती. प्रस्तुत लेखकास हे उलटे वाटते. हॉलमार्क हा शब्द लंडनच्या सुवर्णकार संघाच्या सभागृहावरून, म्हणजे ‘हॉल’वरून आला, आणि तेथे चांदीवर बिबट्याच्या मुखाची खूण करण्याचा कायदा १३०० सालचा आहे. दिसण्यावरून धातूची पारख होत नाही, हे किती जुने दुखणे आहे हे यावरून कळावे.

बिलाकडेही पाहावे. जीएसटीच्या बिलावर मालाचा एचएसएन क्रमांक असल्यास तो पुष्कळ काही सांगतो. चांदीचा क्रमांक ७१०६ ने सुरू होतो, सोन्याचा ७१०८ ने. कृत्रिम दागिने ७११७ मध्ये येतात, हलक्या धातूच्या शोभेच्या मूर्ती व वस्तू ८३०६ मध्ये, तांब्याच्या वस्तू ७४ व्या प्रकरणात. जाहिरातीत चांदी म्हणणारा विक्रेता बिलावर पुष्कळदा खरे लिहितो, कारण तेथे वाचणारा ग्राहक नसून कर खाते असते. मामांच्या बिलावर ८३०६ होता.

आता कायद्याविषयी. ‘क्लॅड लिहिले होते’ हा बचाव विक्रेत्यास वाटतो तितका भक्कम नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. मालाचे खोटे वर्णन करणे याबरोबरच महत्त्वाची माहिती हेतुतः दडविणे यासही त्यात दिशाभूल करणारी जाहिरात म्हटले आहे. अशा जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. या प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत खुलाशाच्या ओळींविषयी स्वतंत्र कलम आहे. मुख्य दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खुलासा असावा, अक्षरेही तशीच असावीत, आणि दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करण्यासाठी खुलाशाचा आधार घेऊ नये, असे त्यात म्हटले आहे. वर मोठ्या अक्षरांत चांदी आणि तळाशी बारीक अक्षरांत तांबे, हा प्रकार या कलमाच्या थेट विरुद्ध जातो.

परतीच्या मुदतीबाबतही तसेच. जुलै २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार माल सदोष असेल, नकली असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण त्यात नसतील, तर विक्रेत्यास तो परत घेण्यास व रक्कम फेडण्यास नकार देता येत नाही. विक्रीमंचाने तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एक महिन्यात तिचा निकाल लावावा अशी तरतूद आहे. तेथे दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता कोठलाही असो, तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मालापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. देगलूरच्या माणसाने यासाठी मुंबई-दिल्ली गाठण्याचे कारण नाही.

पुरावा मात्र आपण जपावयास हवा, आणि बहुतेक प्रकरणे येथेच लंगडी पडतात. जाहिरातीचे पान तक्रार होताच बदलले जाते अगर काढून टाकले जाते. म्हणून मागणी नोंदवितानाच त्या पानाची मथळ्यासह, तपशिलाच्या रकान्यासह छायाचित्रे घ्यावीत. पार्सल उघडताना चित्रफीत करावी. लगड तोडावयाची झाल्यास आधी वजन व मुद्रा यांची छायाचित्रे घेऊन मग दोन साक्षीदारांसमक्ष तोडावी आणि सराफाकडून तसे लेखी घ्यावे. मामांच्या नातवाने मथळ्याचे छायाचित्र सहज म्हणून आजोबांना पाठविले होते, ते मोबाइलमध्ये राहिले होते. त्यावर सारी तक्रार उभी राहिली.

१९१५ वर नोंद केल्यानंतर दुसऱ्या महिन्यात पैसे परत आले. पाठवणावळ कापून घेतली होती, तिच्यासाठी मामांनी पुढे भांडण केले नाही. लग्न तोवर होऊन गेले होते. मामींनी स्वतःच्या माहेरचा चांदीचा तांब्या व दोन फुलपात्रे मोडून नातीचे ताट करविले होते. त्याचा हिशेब कोणत्याही आयोगाकडे मागता येत नाही.

विक्रेत्याने लगडी परत मागविल्या नाहीत. मामांनी त्या मला दिल्या आणि त्या आता आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहेत. मागील सत्रात नववीच्या वर्गाने तोटीच्या भांड्यात दहाही लगडी एकदम बुडविल्या. मोजपात्रात ३५ मिलिलिटरला थोडे कमी पाणी जमले. फळ्यावर शेजारी ३११ भागिले १०.५ हा भागाकार एका मुलीने आधीच करून ठेवला होता. उत्तर जुळेना तेव्हा तिने प्रथम आपला भागाकार पुन्हा तपासला, मग मोजपात्र तपासले, आणि त्यानंतर कोपरा तुटलेली लगड हातात घेऊन ती उजेडात धरली.